उलटवलेली गिटार

देवाने हात दोन दिले, मग त्यातला एक वाईट असं ठरवलं कोणी? — नाही, मला खरंच माहीत नाही, म्हणून विचारतोय. देवळातल्या भटजींना विचारलं तर म्हणाले, आधी तीर्थ घे. शाळेतल्या बाईंना विचारलं तर त्यांनी वर्गाबाहेर उभं केलं, आणि तसं पाहिलं तर त्यानंतर मी वर्गात फारसा गेलोच नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, बटणांची काजं कर. आता तुम्ही पुण्यात वाढलेले, इथे मैसुरात कंपनीत मोठ्या कामावर, तुम्हाला तरी माहीत असेल — नाही ना? बघा. आणि तुम्ही आल्याआल्या गिटार मांडीवर घेऊन मला सांगताय, तारा उलट्या लागल्यात. उलट्या नाहीत सर. बरोबर लागल्यात. तुमचा हात उलटा आहे.

बसा ना. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो — इकडे, कापडाचे तागे सरकवा नि बसा. पडद्यामागे बाबा आहेत, त्यांचं मशीन चालू आहे तोवर त्यांना काही ऐकू येत नाही, आपण आरामात बोलू. तर जाहिरात मी नाही टाकलेली. आमचा शशांक आहे, चुलत भाऊ, त्याने फोटो काढून मोबाइलवर टाकला. बाबांनी सांगितलं म्हणून. बाबा कापायला उभे राहिले की ही समोर भिंतीवर, खिळ्याला — त्यांना बघवत नाही. म्हणाले, कोणालाही दे, पण इथून काढ. मी म्हटलं, सरी, बरं, देतो. बोललोय मी देतो म्हणून. पण घेणाऱ्याला माल कसा आहे ते सांगायला नको? आम्ही शिंपी लोक, कापडात डाग असला तर आधी दाखवतो. तर डाग बघा. हिला वायर लावली की ही खोकते. पाऊस असला की जास्त खोकते. मान स्वल्प वाकडी आहे. मागच्या बाजूला वेलीचे पाय उमटलेत, ते जात नाहीत. आणि आवाज कमी-जास्त करायचं बटण आहे ना, ते बटण नाही, ते आमच्या आजोबांचं अंगुस्तान आहे. हो, सुई बोचू नये म्हणून बोटात घालतात ते. हसा, हसा. सगळे हसतात. नका घेऊ, अल्वा सर. बाजारात नवीन चांगल्या मिळतात.

बरं, नाही उठत म्हणता. मग कॉफी घ्या.

कोणाची म्हणून काय विचारता — माझ्या बहिणीची. सहना. माझ्याहून मोठी, मी अक्का म्हणायचो. म्हणतो. ती नाही आता. गौरी-गणपतीच्या आधी गेली, कावीळ झाली नि उतरलीच नाही. — राहू दे सर, तुम्ही काय बोलणार, सगळे तेच बोलतात, मी पण दुसऱ्यांच्या घरी जाऊन तेच बोलून आलोय. साखर पुरे ना?

तर अक्का डावखुरी. शिंप्याच्या घरात डावखुरी मुलगी म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही. ही कात्री हातात घ्या. नाही, डाव्या हातात. आता ही चिंधी कापा. बघा — कापते? चावते नुसती. कापड पात्यांच्या मधे दुमडतं. कारण कात्रीसुद्धा उजव्या हाताचीच बनवतात. बाबांनी लहानपणी तिच्या हातात तीच दिली, म्हणाले, कात्री तुझ्यासाठी बदलायची नाही, तू बदल. ती नाही बदलली. तिने काय केलं — कात्री डाव्याच हातात धरायची आणि अंगठा आत दाबायचा तो बाहेर ढकलायचा. बस्स. सरळ रेघेत कापायची, अशी की बाबा चष्मा काढून बघायचे. देवळात लहानपणी एकदा डावा हात पुढे केला तर भटजींनी प्रसाद मागे घेतला. ही एवढीशी, फ्रॉकमधली, म्हणते — देवाने दोन्ही हात कमरेवर ठेवलेत, त्यातला चांगला कुठला? सगळं देऊळ हसलं. भटजीही हसले. प्रसाद मात्र उजव्याच हातावर दिला.

तिला गिटार वाजवायची होती. का, ते विचारू नका, आमच्या घरात आजवर टाळ आणि पेटीच्या पलीकडे कोणी गेलेलं नाही. मोबाइलवर बघून बघून शिकायची. गिटार कुठे होती? नव्हतीच. ही लाकडी पट्टी दिसते ना, कापड मोजायची? हिच्यावर तिने खडूने सहा रेघा ओढल्या, मधे आडव्या रेघा, आणि गिऱ्हाईक नसलं की पट्टी पोटाशी धरून बोटं दाबत बसायची. आवाज नाही, काही नाही. तोंडाने पण नाही. मी म्हणायचो, अक्का, तू वेडी आहेस, हे मुक्याने भाषण केल्यासारखं आहे. ती म्हणायची, सुद्या, तुझं भाषण ऐकण्यापेक्षा बरं. मग गिऱ्हाईक आलं की तीच पट्टी कापडावर. एका बाईंनी विचारलं, माझ्या ब्लाउजपीसला हे खडूचे आडवे पट्टे कसले? अक्का म्हणाली, नवीन फॅशन आहे.

मी एकदम करणारा माणूस आहे सर. डोक्यात आलं की हातात आलं. मागच्या उन्हाळ्यात गोकुलमला एका घरी पडद्यांचं माप घ्यायला गेलो. कमलाक्षम्मा म्हणून बाई आहेत, वरच्या खोल्या योग शिकायला येणाऱ्या परदेशी लोकांना भाड्याने देतात. गच्चीवर गेलो माप घ्यायला आणि काय बघतो — विड्याच्या पानांचा वेल. कुंडीत. आणि वेल चढलाय कशावर? हिच्यावर! ही कुंडीत उभी, अर्धी मातीत, आणि मानेला वेलीने विळखा घातलेला, वर खुंट्यांच्या जागी चांगली तळहाताएवढी पानं. मी म्हटलं, अम्मा, हे काय? त्या म्हणाल्या, कोणी एक दाढीवाला ठेवून गेला, परत येतो म्हणाला होता. तो काही आला नाही, काठी हवी होती, काठी मिळाली. पानं छान येतात, घे खाऊन बघ. मी पान खाल्लं. पान खाता खाता म्हटलं, अम्मा, ही मला द्या. म्हणाल्या, वेलाचं काय? म्हटलं, बांबू आणून देतो. म्हणाल्या, आणि मला काय? आता माझ्याकडे काय असणार — तोंडात पान, मी बोलून गेलो, तुमच्या धाकटीच्या लग्नाचे सगळे ब्लाउज फुकट, अस्तरासकट.

आता चूक कळली? मी पँटी शिवतो सर. ब्लाउज अक्का शिवायची.

महिनाभर ती बसून ब्लाउज शिवतेय आणि मला विचारतेय, अरे ह्या बाई कोण? हिशेबात कुठे नाहीत, पैसे घ्यायचे नाहीत, आणि वर म्हणतात बाहीला मोर पाहिजे! मी म्हणतो, जुनं गिऱ्हाईक आहे अक्का, चांगल्या बाई आहेत, पान देतात. तिने मोर काढले. शिव्या देत देत काढले. स्वतःला मिळणाऱ्या गिटारीची किंमत स्वतःच भरत होती आणि तिला पत्ता नव्हता. आणि गिटार कुठे, तर आमच्या माळ्यावर, जुन्या कोटांच्या गाठोड्यामागे.

पहिल्यांदा काढून बघितली तेव्हा कळलं, ही उजव्या हाताची. मी असा बसलो डोकं धरून. कात्री उजव्याची, प्रसाद उजव्याचा, आता ही पण? मग गाठोड्याकडे बघितलं आणि डोक्यात आलं. आमचे आजोबा मानाजीराव कोट उलटवायचे. तुम्हाला माहीत नसेल, हल्ली कोणी उलटवत नाही. पूर्वी कचेरीतल्या लोकांकडे एकच काळा कोट. तो वरून विटला की आजोबा त्याची शिवण न् शिवण उसवायचे, कापडाची आतली बाजू बाहेर घ्यायची — आत ऊन लागलेलं नसतं, काळंभोर असतं — आणि पुन्हा शिवायचा. नवा कोट! फक्त एक व्हायचं. छातीवरचा खिसा डावीकडे असतो ना, तो उजवीकडे यायचा. खिसा उजवीकडे दिसला की ओळखायचं, हे साहेब कोट उलटवून आलेत. मी म्हटलं, सुलभ आहे. कोटाचा खिसा इकडचा तिकडे जातो, तर गिटारीचं का नाही? उसवायची. उलटवायची. पुन्हा शिवायची.

उसवली. सगळे स्क्रू काढले. आत झुरळांची अंडी निघाली, मातीचा गोळा निघाला, एक मुंगळा निघाला तो मला चावला. मान वेगळी केली — नेक म्हणतात म्हणे, मी मानच म्हणतो. गंज चिंचेच्या कोळाने घासला, वेलीचा चीक नीलगिरीच्या तेलाने पुसला. पाठीला पोचा होता, तिथला रंग उडालेला, तर ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री फिरवली — लाकूड वाफेने फुगून वर आलं! लोकरीची चुणी जाते तशी. मला एवढा आनंद झाला की मी आणखी दोन पोचे शोधले. आणि मग तिला उलटवली. मान फिरवून बसवली, स्क्रू घट्ट केले, उभी केली, लांबून बघितली — सर, बोटं ठेवायची सगळी जागा पाठीमागे गेली होती. वाजवायची असेल तर माणसाने गिटारीच्या मागे जाऊन उभं राहायला पाहिजे.

तेवढ्यात अक्का माळ्यावर आली. मी लपवणार कुठे? मांडीवर अर्धी, बाजूला अर्धी. तिने बघितलं. मग हळूच म्हणाली, सुद्या, ही कोणासाठी? डोक्यामागे डोळे असलेल्यासाठी? आणि हसायला लागली ती थांबेचना, माळ्याच्या शिडीवर बसून हसली, खालून आई ओरडली काय झालं म्हणून. मग डोळे पुसले. मग म्हणाली, लाकूड उलटत नसतं रे टोणग्या, कापडाला दोन बाजू असतात, लाकडाला एकच. तारा उलटव. जाड तार जिथे बारीक आहे तिथे घे. आणि ही वरची पट्टी, हाडाची, जिच्या खाचांतून तारा जातात, ती काढून फिरवून बसव. एवढंच. तिने हे सगळं मोबाइलवर बघून ठेवलं होतं. गिटार नव्हती तेव्हापासून.

मग आम्ही दोघं करायला लागलो. दुपारी बाबा जेवून आडवे झाले की. मान वाकली होती, मी तिच्यावर कोळशाची जुनी इस्त्री वजनाला ठेवली, जरा सरळ झाली. बटण फिरवलं की कुरकुरायचं, त्यात मी मशीनचं तेल घातलं — ती माझी दुसरी चूक. मशीन कुरकुरलं की तेल घालतो ना आपण? आवाज बंदच पडला. मग शिवरामपेठेत रेडिओ दुरुस्त करणारे रघुनाथराव आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी वास घेतला आणि विचारलं, ह्यात भजी तळलीत का? साफ केली, आतली तुटलेली वायर जोडली, आणि ते म्हणाले, मानेच्या आत सळई असते, किल्लीने फिरवून सरळ करतात, इस्त्री कशाला ठेवलीस? मी म्हटलं, मला काय माहीत, आमच्याकडे वाकडं असेल ते इस्त्रीनेच सरळ होतं. — आणि अंगुस्तान? ते असं, की गिटार उलटी धरली की खालचं बटण वर येतं आणि हाताचा कोपर लागून आवाज आपोआप बंद. तर मी ते उंच बटण काढलं आणि त्या दांडीवर चिंधी गुंडाळून आजोबांचं अंगुस्तान बसवलं. गुळगुळीत, कशात अडकत नाही. पट्टा बघा, दसऱ्याच्या बँडवाल्यांच्या कोटाची उरलेली मखमल आहे, आत कॅनव्हास घातलाय, म्हैस बांधली तरी तुटणार नाही.

तारा आणायच्या राहिल्या होत्या. आणि तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. आम्ही म्हटलं, हळद लागली असेल.

— नाही नाही, बोला, काय म्हणत होतात? काय करणार तुम्ही? परत फिरवून घेणार? पट्टी काढून, तारा इकडच्या तिकडे. पंधरा मिनिटांचं काम, हो, माहीत आहे मला, मीच केलंय. तुमच्या ओळखीचा माणूस करून देईल. अंगुस्तान काढून चांगलं बटण बसवेल. हं.

नाही सर.

नाही म्हणजे नाही. द्यायची नाही. अय्यो, तुमची काही चूक नाही, तुम्ही उजवे, तुम्ही उजवीच वाजवणार. पण ती सरळ झाली की मग ती कोणाचीही. मग ती त्या दाढीवाल्याची, कमलाक्षम्मांच्या वेलीची, तुमची. आता आख्ख्या मैसुरात एकच माणूस आहे जिला ती बरोबर बसते. होता. बाबांना मी सांगतो काय सांगायचं ते. इथे नको तर माझ्या उशाशी ठेवीन, माळ्यावर जाऊन झोपेन. शशांकला सांगतो जाहिरात काढ. तुम्हाला बसचा खर्च पडला असेल, एक पँट आणून टाका, उंची फुकट कमी करून देतो.

वाजवली का तिने?

हे तुम्ही कशाला विचारता सर. चांगले उठून उभे राहिला होतात. एवढा वेळ मी बोलतोय, कोणाला विचारायला सुचू नये म्हणूनच तर बोलतोय. शशांकने नाही विचारलं, आईने नाही विचारलं.

मशीन थांबलं. — काही नाही बाबा, गिऱ्हाईक आहे. — थांबू दे. ऐकायचं तर ऐकू दे त्यांना, त्यांनाही माहीत नाही.

ती दवाखान्यात होती तेव्हा मी तारा आणल्या. इथे बसून लावल्या, जाड खाली जायची ती वर, सगळं तिने सांगितलं तसं. कोटाच्या कव्हरात घातली, खांद्यावर टाकली, फाटकावरचा माणूस म्हणाला काय आहे, म्हटलं नवरदेवाचा सूट आहे, भाऊ आजारी आहे, माप बघायचंय. सोडलं त्याने. वॉर्डातल्या नर्सबाई म्हणाल्या, डोकं फिरलंय का, इथे वाद्य? मी म्हटलं, बाई, ही विजेची आहे. वायर लावली नाही तर हिला आवाजच नसतो. वाजवून दाखवली त्यांच्या कानाशी. डास गुणगुणला तेवढा आवाज. त्या म्हणाल्या, भेटायची वेळ संपेपर्यंतच. शेजारच्या खाटेवरच्या नर्मदाबाई म्हणून आजी होत्या, त्या म्हणाल्या, वाजव ग बाई, मला तसंही ऐकू येत नाही.

अक्काने पोटावर आडवी घेतली. अशी. कापड मोजायची पट्टी धरायची तशीच. पिवळी झाली होती पण हसत होती, अंगुस्तानावर बोट फिरवलं, म्हणाली, आजोबांना वर उचक्या लागल्या असतील. उजव्या हाताने मान धरली, बोटं ठेवली — न बघता, सर, न बघता ठेवली, खडूच्या रेघांवर ठेवायची तशी — आणि डाव्या हाताने छेडलं. मी कान लाकडाला लावून बसलो होतो. खर्र झालं नुसतं. पुन्हा छेडलं. खर्र. माझा जीव गेला. म्हटलं, मी बिघडवली, पट्टी उलटी बसवली, तेल राहिलं असेल आत. ती म्हणाली, गप रे सुद्या, गिटार चांगली आहे. माझी नखं वाढलीत. बोट दाबलं की आधी नख टेकतं, तार दबत नाही. खरंच वाढली होती. इतक्या दिवसांत तिच्या नखांकडे कोण बघतंय, आम्ही डोळेच बघत होतो रोज. म्हणाली, काप. उजव्याच हाताची काप, डाव्याची राहू दे, त्यांना छेडायचंय.

माझ्या खिशात धागे तोडायची कात्री असते. तिचा हात मी मांडीवर घेतला, खाली माझा रुमाल पसरला. करंगळीपासून सुरू केलं. हात गरम होता. ती म्हणाली, मांस नको कापू, पँट नाही ती. नर्सबाई येऊन उभ्या राहिल्या, घड्याळ दाखवायला लागल्या, म्हणाल्या, उद्या ये आता. म्हटलं, येतो, एवढं होऊ द्या. तो उद्या आलाच नाही, सर. चार बोटं झाली. अक्काने हात ओढून घेतला, म्हणाली, पुरे, अंगठा मानेच्या मागे असतो, तो तारेला लागत नाही, राहू दे, वेळ आहे तोवर वाजवते.

मी तोही कापला.